चवीचं बटर घरच्या घरी: ठेचा, मेतकूट, रेशाद आणि बाकीची मंडळी

मोहरीची_फोडणी

लसूण आणि हर्ब्ज घातलेलं बटर हल्ली कुठल्याही मोठ्या दुकानात छोट्या डबीत मिळतं. किंमत बघितली की साधं बटर एकदम गरीब वाटायला लागतं. आत असतं काय, तर बटर, लसूण, चिमूटभर वाळका पाला आणि मीठ. हे घरी करायला गॅसही लागत नाही, तरी यावर आपल्याकडे फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून हा धागा. तुमचे प्रयोगही इथेच टाका, म्हणजे सगळं एका जागी राहील.

परदेशी पाककृतींत पहिली ओळ ठरलेली असते: ‘बटर रूम टेम्परेचरला आणा.’ त्यांची रूम १८-२० अंशांवर असते. मुंबईची मे महिन्यातली रूम ३३ वर. बटर साधारण २८ अंशांपासून वितळायला लागतं आणि ३५ च्या आसपास पूर्ण पातळ होतं. म्हणजे आपल्याकडे ‘रूम टेम्परेचर’ला आणलेलं बटर तेल होऊन बसतं. तेव्हा ही ओळ विसरा. फ्रीजमधून काढा, सुरीने बारीक तुकडे करा, पसरट बाऊलमध्ये ठेवा आणि दर दोन-चार मिनिटांनी बोटाने दाबून बघा. बोट सहज आत जायला हवं, पण बटरवर चकाकी दिसता कामा नये. चकाकी दिसली म्हणजे ते सुटायला लागलंय. बाऊलखाली गार पाण्याची परात ठेवा आणि लाकडी चमच्याने घोटत राहा, येतं वळणावर. मायक्रोवेव्हच्या वाटेला जाऊ नका, त्यात कडेचं वितळतं आणि मधलं दगड राहतं.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि माझ्या मते ऐंशी टक्के खेळ इथेच आहे. कोथिंबीर धुतली, चिरली, घातली असं करू नका. धुऊन झटका, पंचावर पसरून पूर्ण कोरडी करा, मगच चिरा. आणि चिरायचीच, मिक्सरला लावायची नाही, कारण वाटलेल्या कोथिंबिरीचं पाणी बटरमध्ये मिसळत नाही. वर थेंब थेंब उभे राहतात आणि पहिलं ते खराब होतं. हीच गोष्ट आल्याची, कांद्याची, ओल्या खोबऱ्याची. जे ओलं आहे ते तव्यावर परतून कोरडं करा, नाहीतर मुळातच कोरडं घ्या.

आपल्याकडे कोरडं काय कमी आहे? मेतकूट, जवसाची चटणी, कारळ्याची चटणी, सुक्या खोबऱ्याची लसूण चटणी, काळा मसाला. फ्रेंच लोक पार्सली धुऊन पुसत बसतात, आपलं अर्धं काम डब्यात तयार पडलेलं असतं.

१०० ग्रॅम बटरसाठी माझी दोन नेहमीची प्रमाणं देते.

मेतकूट बटर: दीड टेबलस्पून मेतकूट, चिमूटभर हिंग, पाव चमचा लाल तिखट. घोटून अर्धा तास तसंच ठेवा. मेतकुटातलं डाळींचं पीठ थोडं फुगतं आणि सुरुवातीचा कोरडा चरचरीतपणा जातो. गरम मऊ भातावर किंवा टोस्टवर. गुरगुट्या भातावर तूपच हवं असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही, एकदा खाऊन बघा.

ठेचा बटर: पाच-सहा हिरव्या मिरच्या, सात-आठ लसूण पाकळ्या, अर्धा चमचा जिरं. तव्यावर तेलाचे चार थेंब टाकून मिरच्यांवर काळे डाग येईपर्यंत भाजायचं. खलबत्त्यात जाडसर कुटायचं आणि ताटलीत पसरून पूर्ण गार होऊ द्यायचं. गरम ठेचा बटरमध्ये टाकला की सगळं पातळ, तेव्हा घाई नको. बटर मिठाचं असेल तर ठेच्यात मीठ घालू नका. १०० ग्रॅम खारवलेल्या बटरमध्ये साधारण दोन ग्रॅम मीठ आधीच असतं, तेवढं पुरतं. हे बटर बाजरीच्या गरम भाकरीवर, उकडलेल्या रताळ्यावर, आणि हो, ऑम्लेटवर.

झाल्यावर बटर पेपरवर लांबट ढीग घालायचा, कागद त्यावर दुमडायचा आणि पट्टीच्या कडेने आत दाबत घट्ट सुरळी करायची. दोन्ही टोकं चॉकलेटच्या कागदासारखी पिळायची. फ्रीजमध्ये दोन तासांत कडक होतं, मग हव्या तेवढ्या चकत्या.

चहाबाज

मेतकूट बटर! हे डोक्यात कसं आलं नाही इतकी वर्षं. फोटो कुठेत?

सायसाखर

छान लिहिलंयस गं. पण एक विचारते. आमच्याकडे म्हशीचं दूध, रोजची साय विरजून आठवड्याला लोणी निघतं. एवढं घरचं ताजं लोणी असताना विकतचं पिवळं बटर कशाला आणायचं? लोण्यात नाही का होणार हे?

मोहरीची_फोडणी

काकू, होतं की! चव तर जास्त चांगली, कारण आपलं लोणी विरजलेल्या सायीचं, त्याला मुळातच आंबूस वास असतो. फक्त ते विकतच्यासारखं टिकत नाही आणि पाणी जास्त असतं. इथे ‘काटेकोर’ नावाचे एक आयडी आहेत, डेअरीत काम करतात. ते नीट सांगतील.

काटेकोर

बोलावलंत म्हणून आलो.

आपल्याकडच्या खाद्यसुरक्षा नियमांप्रमाणे टेबल बटरमध्ये दुधाचं फॅट किमान ८० टक्के असावं लागतं, पाणी जास्तीत जास्त १६ टक्के, मीठ ३ टक्क्यांपर्यंत. पांढऱ्या म्हणजे कुकिंग बटरला फॅटची किमान मर्यादा ७६ टक्के. घरच्या लोण्यात हे प्रमाण हातावर अवलंबून असतं, कारण ताक किती निथळलंय यावर सगळं आहे.

काकू, लोणी वापरायचं असेल तर नेहमीपेक्षा दोन पायऱ्या जास्त करा. लोण्याचा गोळा आला की बर्फाच्या पाण्यात धुवायचा, पाणी पांढरट झालं की फेकायचं, पुन्हा धुवायचा. पाणी अगदी स्वच्छ निघेपर्यंत. लोण्यात उरलेल्या ताकातलं प्रथिन आणि दुधातली साखर हेच जंतूंचं खाद्य, लोणी खवट किंवा आंबट होतं ते त्यामुळे. मग ताटात घेऊन लाकडी उलथन्याने दाबत, दुमडत, परत दाबत राहायचं. बारीक बारीक थेंब बाहेर येतात. ताट तिरकं धरून ते ओतून टाकायचे. थेंब यायचे थांबले की लोणी तयार.

म्हशीच्या लोण्याचा एक फायदा आहे. ते गाईच्यापेक्षा थोडं कडक असतं, उन्हाळ्यात काम करायला सोपं. पांढरंशुभ्रही असतं, कारण म्हशीच्या दुधात कॅरोटीन उतरत नाही. त्यामुळे हिरवा-लाल रंग त्यावर जास्त खुलतो.

आणि घुसळतानाचं तापमान. उन्हाळ्यात बर्फ टाकायचा, थंडीत कोमट पाणी टाकायचं, हे आपल्या आज्या काय उगीच करत नव्हत्या. लोणी नीट जमायला साय साधारण १० ते १५ अंशांच्या मध्ये लागते. त्याच्या वर लोणी तेलकट येतं आणि ताकात बरंच फॅट निघून जातं, त्याच्या खाली घुसळत बसा तासभर.

सायसाखर

बर्फाच्या पाण्यात धुते मी, पण ते दाबून पाणी काढायचं माहीत नव्हतं. एरवी कढवायचंच असतं ना, मग कोण एवढं करतंय. करून बघते. जवसाची चटणी घालीन म्हणते.

खादाडखाऊ

पुरणपोळीवर केशर-वेलची बटर कसं लागेल?

(पळतोय.)

चहाबाज

@खादाडखाऊ धाग्याची जागा चुकली, तुम्हाला ‘सांस्कृतिक आघात’ या विभागात जायचंय.

वऱ्हाडी_बाणा

इकडे मे मध्ये ४५ अंश. बटर कोथिंबिरीकडे बघता बघता वितळतं. त्यावर आम्ही काढलेला तोडगा असा:

मोठ्या परातीत बर्फ आणि मूठभर मीठ, त्यात स्टीलचं पातेलं. बटर थेट फ्रीजमधून किसणीवर किसायचं. चीज किसतो तसं. कीस पडल्या पडल्या पातेल्यात मऊ होतो, घोटायला दोन मिनिटं पुरतात. हात लावायचा नाही, हाताच्या उबेनं खेळ खलास. किसणी आणि चमचासुद्धा आधी फ्रीजमध्ये ठेवलेले असावेत. आणि हे काम सकाळी सहाला उरकायचं.

आता मसाला. सावजी मसाला एक चमचा, सुकं खोबरं भाजून पूड एक चमचा, थोडी खसखस भाजून. मसाला आधी चमचाभर तेलात मंद आचेवर अर्धा मिनिट परतून गार करायचा. कच्चा मसाला बटरमध्ये घातला तर जिभेवर नुसता भुगा लागतो. तंदुरीत किंवा शेगडीवर भाजलेल्या कोंबडीवर शेवटी एक चकती ठेवायची. बाकी काही बोलायची गरज पडत नाही.

मोहरीची_फोडणी

किसणीची युक्ती झकास! मीठ परातीतच ठेवायचं, पातेल्यात नाही, हे नवशिक्यांसाठी सांगून ठेवते.

मसाला परतून घालण्याला अगदी दुजोरा. धणे, जिरं, मिरी यांचा वास तेलात उतरतो, पण गार बटरमध्ये फार हळू उतरतो. परतलं की काम लवकर होतं.

नवी_सून_पुणे

एक शंका. लाल तिखट घातलं की बटर मस्त केशरी होतं, हळदीने पिवळं होतं. मग केशराच्या काड्या घातल्या तर रंग का येत नाही? काड्या तशाच लाल दिसत राहतात.

काटेकोर

कारण मिरचीचा आणि हळदीचा रंग तेलात विरघळतो, केशराचा पाण्यात. मिसळीवर तर्री लाल दिसते आणि खालचा रस्सा फिका असतो, तेच इथे. केशराला बटर रंग काढू देत नाही. त्यासाठी केशर आधी चमचाभर गरम दुधात पंधरा-वीस मिनिटं ठेवा. काड्या तळहातावर किंचित गरम करून चुरडल्यात तर आणखी बरं. ते दूध गार करून बटरमध्ये थेंब थेंब घालत फेटा. एकदम ओतू नका. बटर म्हणजे फॅटमध्ये अडकलेले पाण्याचे अतिबारीक थेंब. थोडं थोडं घातलं तर आणखी थोडे थेंब सामावतात, एकदम घातलं तर बाजूला उभे राहतात. लिंबाच्या रसालाही हेच लागू. १०० ग्रॅमला एक चमचा, तोही फेटत फेटत.

लिंबाचा वास हवा असेल तर रसापेक्षा साल किसून घालणं शहाणपणाचं. वासाचं तेल सालीत असतं आणि ते फॅटमध्ये छान उतरतं. आपल्या कागदी लिंबाची साल पातळ, पांढरा भाग लगेच लागतो आणि कडू होतं. ईडलिंबू मिळालं तर सोडू नका.

सायसाखर

ईडलिंबाचं नुसतं लोणचंच करत होतो आम्ही. सालीचा कीस मीठसाखर घालून लोण्यात? करणारच.

काटेकोर

आता जरा गंभीर, आणि ही सूचना कृपया कुणी वाचनखुणेत साठवून विसरू नये.

कच्चा लसूण घातलेलं बटर ओट्यावर ठेवायचं नाही. दुपारभरसुद्धा नाही. लसूण जमिनीत वाढतो, त्याच्यावर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. एरवी ते निरुपद्रवी असतात, पण हवा नाही, आंबटपणा नाही आणि वातावरण उबदार, असं तिन्ही जुळलं की ते जागे होऊन विष तयार करतात. तेलात किंवा फॅटमध्ये बुडालेला लसूण म्हणजे नेमकं तेच. १९८५ मध्ये कॅनडात व्हँकुव्हरच्या एका रेस्टॉरंटमधल्या तेलातल्या लसणामुळे ३६ जण आजारी पडले होते. विषाला ना वास असतो ना चव.

अमेरिकेतला सल्ला असा, की घरी तेलात घातलेला लसूण फ्रीजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवावा. बटरलाही तोच नियम लावा. जास्त ठेवायचं असेल तर सरळ डीप फ्रीझरमध्ये, तिथे हे जंतू वाढत नाहीत.

सायसाखर

इतकं घाबरवू नका हो. आमच्या लसणाच्या लोणच्याची बरणी वर्षभर बाहेर असते. तेल वर दोन बोटं. काही झालं नाही कधी कुणाला.

काटेकोर

काकू, लोणच्यात लिंबाचा रस किंवा व्हिनेगर असतं, मीठ सढळ असतं. आंबटपणा पुरेसा असेल तर हा जंतू वाढूच शकत नाही. लोणचं टिकतं ते त्यामुळे, वरच्या तेलामुळे एकट्या नव्हे. बटरमध्ये ना तेवढं मीठ ना आंबट. चमचाभर लिंबाने लसणाच्या आतपर्यंत आंबट पोचत नाही.

तुमची सुक्या खोबऱ्याची लसूण चटणी घाला की. ती चांगली भाजून कोरडी केलेली असते. तरी ठेवायचं फ्रीजमध्येच.

सायसाखर

बरं. लोणच्याला हात लावला नाहीत म्हणून ऐकते.

नवी_सून_पुणे

मग ठेचा बटरमध्ये लसूण भाजलेला आहे, ते चालेल ना बाहेर?

काटेकोर

नाही. तव्यावरच्या भाजण्याने बीजाणू मरत नाहीत, ते उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. फ्रीज, चार दिवस. नाहीतर चकत्या करून फ्रीझर.

वऱ्हाडी_बाणा

आणि लाईट गेली तर? आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी तीन-तीन तास जाते.

काटेकोर

फ्रीझर उघडू नका, भरलेला फ्रीझर तेवढं सहज तग धरतो. बटर मऊ होऊन आकार गेला असेल तर त्याच दिवशी पावाला लावून संपवा, परत गोठवू नका. तसंही पूर्ण वितळलेलं बटर पुन्हा थिजलं की रवाळ होतं. फॅट आणि पाणी वेगळं झालेलं असतं, ते घोटूनही पूर्ववत होत नाही.

म्हापसेकर

नमस्कार मंडळी. गोव्याची हजेरी लावतो.

आमच्याकडे रेशाद मसाला घराघरात बरणीत असतो. बांगड्याच्या पोटात भरायचा तो लाल मसाला. काश्मिरी मिरच्या, मिरी, जिरं, लवंग, दालचिनी, लसूण, आलं, चिंच, थोडी साखर, आणि हे सगळं पाण्यात नाही तर माडाच्या व्हिनेगरमध्ये वाटायचं. व्हिनेगर आणि मिठामुळे मसाला फ्रीजमध्ये महिनोन्‌महिने राहतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तयारही मिळतो, पण बायकांचं मत असं की विकतच्यात मिरचीपेक्षा रंगच जास्त.

बटरसाठी हा मसाला थेट घालू नये, ओला असतो. लहान कढईत चमचाभर तेलात अगदी मंद आचेवर परतायचा. आधी व्हिनेगरचा वास नाकात जाईल, डोळे चुरचुरतील. मग तो वास बसतो, मसाला कढईच्या कडेने सुटायला लागतो, रंग तांबड्याचा काळपट विटकरी होतो आणि कडेला तेल दिसतं. तिथे थांबायचं. पुढे गेलं की साखर जळून कडू. पूर्ण गार करून १०० ग्रॅम बिनमिठाच्या बटरला दोन चमचे भरून.

पोई म्हणजे आमचा कोंडा लावलेला पाव. ती मधून कापायची, आत हे लावायचं आणि तव्यावर आतली बाजू खाली करून शेकायची. पोईचा कोंडा आणि मसाला जळतो तो वास... बस्स. दुसरा वापर कोळंबीवर. कोळंबी नुसत्या मिठात तेलावर परतायची, आच बंद करायची, मग चकती टाकून झाकण. वितळलं की हलवून ताटात.

चोरिसाचं, म्हणजे गोव्याच्या डुकराच्या सॉसेजचं, बटर करणारेही आहेत. चोरीस आधी तळून, चरबी काढून, बारीक कुस्करून घालतात. माझ्या मते ते चरबीवर चरबी होतं. चोरिसाला बटरची गरज नाही.

चहाबाज

रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि मी पोई कुठे मिळेल ते शोधतोय. ठाण्यात.

मोहरीची_फोडणी

ब्रून पाव घे, चालेल. @म्हापसेकर, कोकमाचं कधी केलंयत? माझ्या मनात माशासाठी आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, घालून करायचं आहे.

म्हापसेकर

आगळ पाण्यासारखं असतं आणि खारट. अर्धा चमचा पुरे, थेंब थेंब. नाहीतर सुकी आमसुलं अगदी बारीक कातरून घाला. दाताखाली आंबट लागतात, ते मला जास्त आवडतं. बटर बिनमिठाचंच घ्या.

रेन_मधून

मी फ्रान्समध्ये ब्रिटनी भागात राहते, आणि इथे बटर हा धर्माचा विषय आहे म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

फ्रान्सभर बटर साधारणपणे बिनमिठाचं, ब्रिटनीत मात्र खारवलेलं. त्याचं कारण जुनं आहे. राजेशाहीच्या काळात फ्रान्समध्ये मिठावर ‘गाबेल’ नावाचा जबर कर होता, ब्रिटनीला त्यातून सूट होती. मीठ स्वस्त, शिवाय गेरांदची मिठागरं जवळ, तेव्हा बटरमध्ये मीठ घालणं परवडायचं. कर गेला, जिभेची सवय राहिली.

चव घातलेल्या बटरला इथे ‘बर कोंपोझे’ म्हणतात. सगळ्यांना येणारं म्हणजे ‘मॅत्र दोतेल’: पार्सली, लिंबू, मीठ, मिरी. भाजलेल्या मांसावर किंवा माशावर चकती ठेवतात. बर्गंडीत गोगलगायींच्या शंखात भरतात ते लसूण-पार्सलीचं. ब्रिटनीची खासियत समुद्री शेवाळाचं बटर. सँ-मालो गावात जाँ-इव्ह बोर्दिए म्हणून प्रसिद्ध बटरवाले आहेत, त्यांनी ते फार गाजवलं. त्यांच्याकडे बटर लाकडी यंत्रावर दाबून मळतात, पाण्याचे थेंब बाहेर येतात आणि मीठ आत जातं. वर काकूंना जे ताटात करायला सांगितलंय, तेच मोठ्या प्रमाणावर.

इथल्या एका सवयीचं कौतुक वाटतं. चव घातलेलं बटर शिजवायला वापरत नाहीत. पदार्थ आचेवरून उतरल्यावर, शेवटी.

वऱ्हाडी_बाणा

शेवाळ बटरमध्ये. बरं. खादाडखाऊंची पुरणपोळी आता एवढी वाईट वाटत नाही.

नवी_सून_पुणे

@रेन_मधून शिजवायला का वापरत नाहीत? मी तर ठेचा बटरमध्ये पनीर परतायचं ठरवलं होतं.

मोहरीची_फोडणी

बटरमधले दुधाचे घटक साधारण १५० अंशांना करपायला लागतात, त्यात लसणाचे आणि मिरचीचे कण तर आधीच काळे होणार. तूप कढवताना बेरी किती पटकन तांबूस होते बघ, आणि तिथून काळी व्हायला किती वेळ लागतो तेही. पनीर साध्या तेलावर परत, गॅस बंद कर, मग ठेचा बटर. पाव शेकताना चालतं, कारण आच मंद असते आणि पाव लगेच उचलतो.

हृदयस्थ

सगळं ठीक आहे, पण १०० ग्रॅम बटरमध्ये ७०० च्या वर कॅलरी असतात आणि त्यातलं निम्म्याहून जास्त फॅट सॅच्युरेटेड. डॉक्टरांना विचारून करा प्रयोग.

खादाडखाऊ

एक चकती दहा ग्रॅमची असते हो काका. शंभर ग्रॅम एकदम फक्त मीच खातो.

मोहरीची_फोडणी

मुद्दा रास्त आहे त्यांचा. उलट चव घातलेलं बटर कमी लागतं असं मला वाटतं. साधं असतं तेव्हा आपण चव येईपर्यंत थापत जातो.

दोन_डबे_रोज

मुलांच्या डब्यासाठी कुणी गोड प्रकार करतं का? जॅमचा कंटाळा आलाय आणि बाटलीत साखरेशिवाय काही नसतं.

सायसाखर

लोणी-गूळ पोळी खाऊनच वाढलो आम्ही, त्याला काय नवं नाव द्यायचं! पण तुला टिकायला हवं तर असं कर. चिक्कीचा नको, साधा गूळ किसून घे, अगदी बारीक. सुंठ पाव चमचा, जायफळ किसून जरासं, भाजलेले तीळ भरडून एक चमचा. १०० ग्रॅम धुतलेल्या लोण्याला दोन मोठे चमचे गूळ. गूळ ओलसर असेल तर आधी ताटात पसरून पंख्याखाली ठेव, नाहीतर लोण्याला पाक सुटतो. पोळीला आतून लावायचं आणि गुंडाळी करायची. पाच दिवस फ्रीजमध्ये राहतं, माझ्या घरी राहत नाही.

रेन_मधून

काकू, खारवलेलं बटर आणि गूळ हे इथल्या लोकांना खाऊ घातलंय मी. इथे खारवलेल्या बटरचं कॅरॅमल घरोघरी असतं, त्यांना लगेच पटलं. तिळाबद्दल मात्र विचारत होते.

दोन_डबे_रोज

सुंठ-गूळ नक्की करते. चकत्या कापताना वेड्यावाकड्या होतात, मुलांना सारख्याच लागतात, नाहीतर भांडणं. साच्यात घालता येईल का?

मोहरीची_फोडणी

सिलिकॉनचे बर्फाचे साचे सगळ्यात सोपे, उलटे दाबले की सुटतात. पेढ्याचे किंवा छोट्या मोदकांचे उघडणारे साचेही चालतात. साचा आधी फ्रीझरमध्ये गार करायचा, बटर दाबून भरायचं म्हणजे आत पोकळी राहत नाही, आणि परत फ्रीझरमध्ये वीस मिनिटं. सुटत नसेल तर साच्याला बाहेरून ओला गरम फडका क्षणभर लावायचा. सुटले की झाकणाच्या डब्यात, थरांमध्ये बटर पेपर. झाकण घट्ट हवं. बटर शेजारच्याचा वास फार पटकन घेतं, कापलेल्या कांद्याच्या शेजारी ठेवलेलं गुळाचं लोणी कुणी खाणार नाही.

डब्यावर नाव आणि तारीख लिहा. ठेचा आणि कोथिंबीर गोठल्यावर सारखेच दिसतात आणि मुलांच्या टोस्टवर भलतंच जातं.

काटेकोर

फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने चांगलं राहतं. त्यानंतर बिघडतं असं नाही, पण कोथिंबीर-पुदिना यांचा वास उडतो आणि कडेचं बटर हवेने खवट व्हायला लागतं. काळा मसाला, मेतकूट यांना तेवढा फरक पडत नाही.

वऱ्हाडी_बाणा

कणसाचं कुणी बोललंच नाही. शेगडीवर भाजलेल्या कणसाला लिंबू-तिखट-मीठ चोळतो ना, तेच तिघं बटरमध्ये. लिंबाच्या रसाऐवजी आमचूर घ्या, पाण्याची कटकट नाही. कणीस गरम असतानाच फिरवायचं, नाहीतर बटर दाण्यांमध्ये न उतरता वर थिजतं.

चहाबाज

आमचूर! हे आत्ता करतो. पोई काही मिळाली नाही.

सायसाखर

जवसाचं झालं आज. लोणी दाबून पाणी काढलं, वाटीभर निघालं की हो. एवढं पाणी आम्ही इतकी वर्षं कढवत बसलो होतो. ज्वारीच्या भाकरीवर चांगलं लागलं, पण जवस थोडा जाड राहिला होता, पुढच्या वेळी चाळून घेईन. ईडलिंबं बाजारात दिसली की सांगते.